यंदाचा पहिला नंबर

"बाई, घाबरू नका. लिफ्ट पडत नसते. पडायचीच असती तर एव्हाना पडली असती."

"हा धीर आहे की धमकी?" आतून आवाज आला.

दुरुस्तीला आलेले काका चौथ्या मजल्यावर लिफ्टच्या दारापाशी उभे होते. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये अडकलेली, त्यामुळे दाराच्या फटीतून त्यांच्या डोळ्यांसमोर बाईंच्या चपला आणि एक कापडी पिशवी एवढंच येत होतं. बाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि ते त्यांनी पहिल्या दोन मिनिटांतच सांगून टाकलं होतं. काकांचा जोडीदार वर मशीनरूमकडे निघाला होता. जिन्याने निघाला होता, कारण शेजारच्या दुसऱ्या लिफ्टचं सर्व्हिसिंग व्हायचं होतं आणि तिच्यावर त्याचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

"सारखं घड्याळ काय बघताय?" बाईंनी विचारलं. त्यांना वरून काकांचं मनगट दिसत असावं. "अडकलेय मी, आणि घाई तुम्हाला."

"चार वाजता मुलाचा फोन यायचाय."

"मग इथे घ्या की. मी कान बंद करते."

"तसा नाही तो. घरी बसून घ्यावा लागतो. वर्षातून एकदाच असतो."

"वर्षातून एकदाच फोन करतो मुलगा?" बाईंचा स्वर वर्गात कुणाला तरी उभं करावं तसा झाला.

"नाही हो. एरवी करतो. जेवलात का, गोळी घेतली का, सगळं विचारतो. हा वेगळा." काकांनी गळ्यातले हेडफोन उगाचच सारखे केले. "आम्ही दोघं वर्षभर गाणी ऐकतो. तो तिकडे, मी इकडे. वर्षाच्या शेवटच्या रविवारी दोघं आपापले दहा अल्बम सांगतो. दहावा आधी, पहिला शेवटी."

"वा! कुठली गाणी?"

काका जरा घुटमळले. हा प्रश्न आला की त्यांची पंचाईत व्हायची. "मेटलकोर म्हणतात. जरा जड असतात. ओरडतात त्यात."

"कोण ओरडतं?"

"गाणाराच."

"तुमचं वय काय?" बाईंनी विचारलं.

"एकोणसाठ."

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. त्यात कौतुक किती आणि काळजी किती हे काकांना कळलं नाही. तेवढ्यात वरून जोडीदाराची हाक आली. त्याने ब्रेक सोडून चाक हाताने फिरवायला घेतलं आणि लिफ्ट वीतवीत खाली उतरू लागली. चपला, मग पिशवी, मग काठी, मग पांढऱ्या केसांची एक ठेंगणी बाई. मजला बरोबर जुळल्यावर काकांनी "पुरे!" म्हणून आरोळी ठोकली, दार उघडलं आणि हात पुढे केला.

"तुम्हीही बरे ओरडता की," बाहेर पाऊल टाकत बाई म्हणाल्या.

पावणेतीन झाले होते. दाराच्या कुलपाचा घासलेला तुकडा काकांनी बदलला, लिफ्ट तीनदा वरखाली करून पाहिली. जोडीदाराने तोवर दोन्ही लिफ्टची रजिस्टरं काढून ठेवली होती.

"दुसरीचं मी लिहून टाकतो, सर्व ठीक," तो म्हणाला. "चालतेय ना, मग? तुला चारला घरी पोचायचंय. त्या तुझ्या राक्षसांची वरात निघायचीय."

"ब्रेक बघितलास?"

"गेल्या महिन्यात बघितला होता."

"मग गेल्या महिन्याची सही केलीस तेव्हाच. आजची आज बघून करू."

जोडीदाराने कपाळावर हात मारला. पण त्यालाही माहीत होतं की या बाबतीत काकांपुढे कुणाचं चालत नाही. जे हाताने तपासलं नाही त्याखाली सही करायची नाही, हे त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवलं होतं, आणि त्या उस्तादाच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन दुसऱ्या कुणाच्या तरी 'सर्व ठीक'मध्ये गेली होती.

"यंदा पहिला कोण?" ब्रेकचं झाकण उघडता उघडता जोडीदाराने विचारलं. ते संगीत ऐकलं की त्याचं डोकं दुखायचं, पण काकांच्या यादीची खबरबात मात्र तो दरवर्षी घ्यायचा.

"विहीरवाले आले असते तर तेच असते. सप्टेंबरात यायचा होता त्यांचा नवा. मी तारखेवर खूण करून ठेवली होती. पण गाणाऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. सहा महिने बोलायचंसुद्धा नाही म्हणे. शेवटची दोन गाणी गायची राहिलीत, ती झाल्याशिवाय अल्बम काढणार नाहीत. मार्चवर गेला."

"ओरडून ओरडून गेला असेल घसा. माझ्या सासूलाही असंच व्हायला हवं होतं."

काका हसले. विहीरवाले हे नाव अर्थात त्यांनी ठेवलेलं. खरं नाव तीन शब्दांचं होतं आणि त्यातला एकही त्यांच्या तोंडात बसत नव्हता. गाणारा विहिरीच्या तळाशी उभा राहून वरच्या माणसांना हाका मारतोय असं पहिल्यांदा ऐकताना वाटलं, म्हणून ते विहीरवाले. सगळ्यांचीच अशी बारशी त्यांनी केली होती. कायम काळं कव्हर काढणारे ते कोळसेवाले. एक ओरडतो आणि एक गातो ते जुळे. दीड मिनिटात गाणं दारात टाकून निघून जाणारे ते पोस्टमन. आणि ज्यांची गिटार पावसात राहिलेल्या पत्र्यासारखी वाजते ते गंजके. ही नावं जगात दोनच माणसांना कळायची.

ब्रेकची एक पट्टी खरंच झिजली होती. ती बदलून, हाताने तपासून, सही करून निघेपर्यंत साडेतीन वाजून गेले.

घरी पोचले तेव्हा चारला पाच कमी होते. काकांनी हात धुतले, चहा ठेवायचा विचार रद्द केला आणि सोफ्यावर बसले. समोर टेबलावर त्यांचं रजिस्टर होतं. कंपनीने छापून टाकून दिलेलं, लिफ्टच्या नोंदीचंच. तारीख, तक्रार, केलेलं काम, शेरा, सही असे रकाने असलेलं. पहिल्या वर्षी घरात दुसरी वही सापडली नाही म्हणून हे घेतलं आणि मग तेच चालू राहिलं. तक्रारीच्या रकान्यात "तिसऱ्या गाण्यात ड्रम फार मागे" वगैरे लिहिलेलं असायचं.

अठरा वर्षं झाली त्याला. बायको गेली तेव्हा मुलगा पंधरा वर्षांचा होता. शेवटचे चार महिने ती आतल्या खोलीत ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि घरभर तिच्या श्वासाचा आवाज असायचा. पाणी प्यायला उठलं तरी तो ऐकू यायचा. मग एका सकाळी तो थांबला. पोरगं रडलं नाही. चौथ्या दिवशी दप्तर घेऊन शाळेत गेलं, आल्यावर खोलीचं दार लावून घेतलं आणि आतून ते सुरू झालं. ठोकाठोक, किंचाळ्या, कुणीतरी भांड्यांचं कपाट जिन्यावरून लोटून दिल्यासारखा गदारोळ. शेजारपाजारचे येऊन सांगून गेले. दहा दिवस काकांनी कळ काढली आणि अकराव्या दिवशी दार वाजवलं. "बंद कर ते" एवढंच म्हणायचं होतं. दार उघडलं, पोराचा चेहरा दिसला आणि तोंडातून भलतंच निघालं.

"काय म्हणतोय तो?"

पोराने स्पीकर बंद केला, इयरफोन काढला, डावं टोक स्वतःच्या कानात घातलं आणि उजवं बापापुढे धरलं. वायर आखूड होती. खांद्याला खांदा लावून बसावं लागलं. ऐकता ऐकता पोरगा एकेक ओळीचा अर्थ सांगत गेला, आणि तिसऱ्या गाण्यात काकांच्या लक्षात आलं की जे रडणं या घरात कुणालाच जमत नव्हतं ते हा कोण कुठला परका माणूस छाती फोडून रडत होता. मध्येच सगळी वाद्यं एकदम बसली आणि नुसते घणाचे घाव पडावेत तसं काहीतरी सुरू झालं.

"याला ब्रेकडाउन म्हणतात, बाबा."

"आमच्यात ब्रेकडाउन झाला की शिव्या पडतात."

"यांच्यात लोक टाळ्या वाजवतात."

पोरगा हसला होता. आई गेल्यावर पहिल्यांदा.

नियम त्याच वर्षी ठरले. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचा, गाणं गाळायचं नाही. यादीत घालायचा तर कमीत कमी तीनदा. प्रत्येकावर स्वतःचं एक वाक्य. आणि पहिला नंबर दोघांनी तीन म्हटल्यावर एकदम सांगायचा. तो कधीच जुळला नाही. नोकरीसाठी पोरगा दूर निघाला तेव्हा बसच्या खिडकीतून त्यानेच आणखी एक नियम काढला होता: "ज्या वर्षी पहिला नंबर जुळेल ना बाबा, त्या वर्षी मी असेन तिथून घरी येणार. सोफ्यावर बसून, त्याच वायरने ऐकायचा." त्याला अकरा वर्षं झाली. तो यायचा, लग्नकार्याला यायचा, काका आजारी पडले तेव्हा आठ दिवस राहिला, पण वायर काही ड्रॉवरमधून निघाली नाही. पोराच्या मनात काय असेल ते ओळखून तोच नंबर सांगणं काकांना अवघड नव्हतं. तसं करावं असं एकदोनदा फार वाटलंही. पण न पटलेल्या नंबराखाली सही करायची कशी?

यंदा मात्र त्यांना नंबर जुळण्याची फिकीर नव्हती. यंदा त्यांच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. गंजक्यांच्या अल्बमचं शेवटचं गाणं सात मिनिटं कोसळत राहतं आणि मग एकदम थांबतं. संपलं असं वाटतं. पण संपलेलं नसतं. आठ सेकंद काहीच नसतं, आणि त्या काहीच नसण्यात कुणाचा तरी श्वास ऐकू येतो. आत ओढलेला, जरासा अडखळणारा, मग सोडलेला. काका पहिल्यांदा ऐकताना बसमध्ये होते. ते दोन स्टॉप पुढे गेले. हुबेहूब तिचा श्वास होता तो. हे कुणाला तरी सांगितल्यावाचून त्यांना चैन पडणार नव्हतं आणि सांगण्यासारखा माणूस जगात एकच होता. महिनाभर त्यांनी ते वाक्य जुळवलं होतं. रजिस्टरमध्ये अजून लिहिलं नव्हतं. आधी त्याला सांगायचं, मग लिहायचं, असं ठरवलं होतं.

फोन चार वीसला आला.

"बाबा, सॉरी सॉरी. लेकीच्या शाळेच्या प्रोजेक्टचं काहीतरी निघालं. झालात तयार?"

"मी कधीचा तयार आहे. तुझी सून— हे आपलं, माझी सून बरी आहे ना?" घाईत काकांची नेहमीच अशी गडबड व्हायची.

"बरी आहे तुमची सून. चला, दहावा."

"कोळसेवाले," काका म्हणाले. "यंदा कव्हर राखाडी आहे. म्हातारे झाले बहुतेक. पण दुसऱ्या गाण्यात अजून हाडं खिळखिळी करतात."

"माझ्याकडे आठवे आहेत ते. बँडची परिपक्वता जाणवते."

काकांनी लिहून घेतलं. पोराची वाक्यं अलीकडे अशी साहेबी झाली होती. मोठ्या हुद्द्यावर होता, मेल लिहून लिहून माणसाची भाषा कडक होते, असं काका स्वतःला समजावत. नववा, आठवा, सातवा झाला. पोस्टमन दोघांकडेही होते. "एकूण एकवीस मिनिटांचा अल्बम," काका म्हणाले. "माझा चहा उकळेपर्यंत दोनदा येऊन गेले."

पोरगा मोकळेपणी हसला. ते हसू ऐकायला काका वर्षभर थांबायचे. "आणि जुळे?" त्याने विचारलं.

"तिसरे. ओरडणारा यंदा दमलाय रे. गाणारा त्याला सांभाळून घेतो. त्यांच्यात काहीतरी झालं असावं आणि मिटलं असावं."

"हो, माझ्याकडे दुसऱ्या नंबरवर आहेत ते. भावनिक खोली आहे अल्बमला." मागे कुठेतरी पोर "बाबा, चला ना" म्हणत होती. "आलो हं बाळा, दोन मिनिटं. आजोबांशी बोलतोय. हं बाबा, पहिला! तीन म्हटल्यावर."

काकांनी पाठ ताठ केली. गंजके हा शब्द ओठांवर आणून ठेवला, त्यामागे श्वासाचं वाक्य.

"एक, दोन, तीन—"

"विहीरवाले!" मुलगा म्हणाला.

काकांचा शब्द आतच राहिला.

"बाबा? आवाज येतोय का? तुमचा कुठला?"

विहीरवाल्यांचा नवा अल्बम जगात कुठेही नव्हता. त्यातली दोन गाणी अजून गायलीच गेली नव्हती. काकांचं मन एकाच वेळी चार दिशांना धावलं. जुन्याबद्दल बोलत असेल. कुठून तरी अर्धामुर्धा आधी हाती लागला असेल. तिकडे वेगळं काही येत असेल.

"नवा म्हणतोस?" त्यांनी विचारलं.

"नवाच तर! सप्टेंबरात आला तो. तीनदा ऐकला, बाबा. आवाज अजून तसाच आहे, विहिरीच्या तळातून येतोय असा."

सप्टेंबर. म्हणजे कुठल्या तरी मासिकाने वर्षाच्या सुरुवातीला छापलेली, यंदा काय काय येणार त्याची यादी. काकांनीही ती वाचली होती. तिच्यावरूनच कॅलेंडरवर खूण केली होती. पुढे तारीख हलली हे कळायला मात्र सप्टेंबरात तो अल्बम शोधायला जावं लागतं, आणि जो शोधायला गेलाच नाही त्याला ते कळणार कसं?

खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. अरे, तो आलाच नाहीये. काकांना पोराचा चेहरा दिसला. तेहेतीस वर्षांचा, चष्मा लावलेला, कानाच्या पाळ्या लाल झालेला. लहानपणी खोटं उघडं पडलं की अशाच व्हायच्या. पुढच्या वर्षी मग हा फोन आला नसता. आला असता तरी असा आला नसता.

"माझाही तोच," काका म्हणाले.

"काय सांगता!" पोरगा ओरडलाच. "बाबा! अठरा वर्षांत पहिल्यांदा! जुळला की हो!"

"जुळला."

काका थांबले. फोन कानाशी घट्ट धरून थांबले. त्यांनी खोटं सांगितलं ते लेकाला उघडं पडू द्यायचं नाही म्हणून, यात शंका नव्हती. पण ते सांगून झाल्यावर पोटात एक हावरी आशा उभी राहिली होती आणि तिची त्यांना लाजही वाटत होती. बसच्या खिडकीतून तूच म्हणाला होतास. तुझाच नियम. आता म्हण.

"भारीच," मुलगा म्हणाला. "चला, मग हिला पोहायला सोडून येतो. उशीर झालाय."

"एक मिनिट. गंजक्यांचा ऐकलास का? शेवटचं गाणं?"

हे विचारायला नको होतं. विचारलं त्याच क्षणी ते त्यांना कळलं.

"हो हो. कसलं जबरदस्त संपतं ना ते? एकदम अंगावर येतं."

"हो," काका म्हणाले. "जबरदस्त."

"आणि बाबा, गोळ्या वेळेवर घेताय ना? थंडीचं लिफ्टच्या त्या बोगद्यात जास्त वेळ उभं राहू नका."

"नाही राहत. ठेव तू. पोर वाट बघतेय."

फोन बंद झाला. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. बऱ्याच वेळाने ते रजिस्टरची जुनी पानं उलटून मुलाचा रकाना मागे मागे वाचत गेले. कुठपर्यंत जावं लागेल याची त्यांना भीती होती. सात वर्षांपूर्वीच्या पानावर लिहिलेलं होतं, "हा अल्बम ऐकताना बॉस समोर आला आणि मी चुकून त्याच्याकडे बघून मान हलवली." त्यापुढच्या वर्षी "दमदार निर्मिती". ते नातीच्या जन्माचं वर्ष होतं.

सहा वर्षं.

त्यांना राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, रागाला धरून बसता येतं. पोराने काय केलं असेल ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. डिसेंबरात एखाद्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत चार ठिकाणच्या याद्या उघडायच्या, त्यांतून दहा उचलायचे, त्यातला कोण कोळसेवाला आणि कोण पोस्टमन हे आठवून आठवून लिहायचं. बापाला दुसरं काही नाही म्हणून. त्याला वाईट वाटू नये म्हणून. एवढी मेहनत ज्याच्यावर माया नाही त्याच्यासाठी कुणी करत नाही. पण वर्षभर बसमध्ये, जिन्यावर, भाजी चिरताना "हे याला सांगायचं" म्हणून जे जे साठवलं, ते सगळं सहा वर्षं एका रिकाम्या खोलीत सांगत होतो, हे त्या मायेने कमी दुखत नव्हतं. उलट जास्तच दुखत होतं.

आणि एक गोष्ट तर आनंदाचीच होती. पोराला आता त्या किंचाळण्याची गरज नव्हती. आईचं जे काही आत तुंबलं होतं ते रडून, ऐकून, लेक मांडीवर घेऊन तो मोकळा झाला होता, पुढे निघून गेला होता. बापाने याहून काय मागावं? काकांनी स्वतःला हे दोनदा बजावून सांगितलं. दोन मजल्यांच्या मध्ये अडकून राहिले होते ते एकटेच, आणि त्यांना वाटत होतं की आत दोघं आहेत.

त्यांनी पेन उघडलं. मुलाच्या रकान्यात पहिल्या नंबरापुढे लिहिलं: विहीरवाले. तीनदा ऐकला. स्वतःच्या रकान्यापाशी पेन बराच वेळ टेकवून ठेवलं, पण हात चालेना. ती ओळ कोरीच ठेवून त्यांनी रजिस्टर मिटलं.

मार्चमध्ये त्या इमारतीत महिन्याचं सर्व्हिसिंग होतं. काठी टेकत बाई नेमक्या समोर आल्या.

"काय, आला होता का मुलाचा फोन?"

"आला होता."

"उशीर तर नाही ना झाला माझ्यामुळे?"

"नाही. वेळेत पोचलो."

"मग? कोण आलं पहिलं?"

"यंदा दोघांचा एकच निघाला," काका म्हणाले.

"अरे वा! नशीबवान आहात. माझं आणि माझ्या मुलाचं चहात साखर किती यावरसुद्धा एकमत होत नाही." बाई लिफ्टमध्ये शिरल्या आणि दार लागताना आतून म्हणाल्या, "बघून ठेवलीय ना नीट?"

"आत्ताच हाताने बघितलीय. जा बिनधास्त."

त्या शुक्रवारी विहीरवाल्यांचा अल्बम आला. काकांनी रविवारपर्यंत तो उघडला नाही. रविवारी दुपारी जेवण उरकून त्यांनी ड्रॉवरमधून जुना इयरफोन काढला. वायर कडक झाली होती, पण वाजत होता. सोफ्यावर ते नेहमीच्या बाजूला, उजवीकडे बसले. उजवं टोक कानात घातलं. डावं घालायला हात उचलला आणि मग तसाच खाली घेतला.

त्यांच्या धंद्यात एक रीत होती. एखाद्या सोबत्याने न बघता सही केलेली कळली, तर बोभाटा करायचा नाही. गुपचूप जायचं आणि ते काम करून यायचं. म्हणजे सही खोटी राहत नाही आणि कुणी मरतही नाही. काकांनी अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मागाहून गायलेल्या शेवटच्या दोन गाण्यांत गाणाऱ्याचा घसा काही परत आला नव्हता. विहिरीतून हाक मारणारा तो माणूस आता वर येऊन काठावर बसल्यासारखा, खाली बघत हळू आवाजात बोलत होता. पहिल्या नंबरचा अल्बम नव्हता तो. तरी काकांनी तो दुसऱ्यांदा ऐकला, एकही गाणं गाळलं नाही.

मग त्यांनी रजिस्टर ओढून घेतलं. डिसेंबरच्या पानावर स्वतःच्या कोऱ्या ओळीत लिहिलं: गंजके. शेरा: शेवटी आठ सेकंद थांबून ऐकावं. तुझी आई आहे. त्याखाली त्यांनी सही केली. मुलाच्या रकान्यातलं काहीच बदललं नाही.

पेन ठेवून त्यांनी अल्बम तिसऱ्यांदा लावला आणि जरा सरकून बसले, वायर आखूड होती म्हणून. इयरफोनचं डावं टोक शेजारच्या मोकळ्या जागेवर पडून होतं आणि त्यातून अगदी बारीक आवाजात गाणं चालू होतं.